स्कॅन केलेल्या काळ्या सहीचा रंग निळा कसा करावा? सल्ला हवा आहे

ग्रंथपंगत:
नमस्कार. आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या निबंध स्पर्धेची प्रशस्तिपत्रके छापायची आहेत. अध्यक्षांनी परगावी जाण्यापूर्वी निळ्या रेघांच्या कागदावर काळ्या जेल पेनने सही करून दिली असून ती प्रशस्तिपत्रकांवर छापण्यास लेखी संमतीही दिली आहे. मजकूर काळाच असल्यामुळे सही त्यात हरवून जाते, म्हणून ती निळ्या शाईची दिसावी, अशी त्यांचीही इच्छा आहे. परंतु गिंप या मोफत चित्रसंपादन प्रोग्राममध्ये ह्यूची पट्टी कितीही सरकवली, तरी सही काळीच राहते आणि कागदाच्या रेघांचाच रंग तेवढा बदलतो. फोटोशॉपचा खर्च वाचनालयाला झेपणारा नाही. कृपया मार्ग सुचवावा.

अक्षरजुळणी:
ह्यू म्हणजे रंगछटा. काळ्या रंगात छटाच नसते, त्यामुळे ती पट्टी सरकवून तेथे काहीच घडत नाही. रेघांना छटा आहे, म्हणून त्या लगेच बदलतात. सगळ्या चित्राला एकच छटा देणारे 'कलराइझ' वापरले, तरी उजळपणा वाढवल्याखेरीज काळ्यावर रंग चढत नाही, आणि तो वाढवला की सहीच्या बारीक कडा पुसट होऊ लागतात. म्हणून माझा आग्रह असा, की थेट रंग बदलण्याऐवजी आधी शाई कागदापासून सोडवून घ्यावी आणि मग तिला हवा तो रंग द्यावा.

पहिले काम रेघा घालवण्याचे. स्कॅन रंगीत आणि ६०० डीपीआयचा (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) असू द्यावा. 'कलर्स' मेनूतील 'कंपोनंट्स'मध्ये 'डीकंपोज' आहे. तेथे आरजीबी निवडल्यास लाल, हिरवा आणि निळा असे तीन करडे थर मिळतात. त्यांपैकी निळा थर एकटा ठेवून पाहावा: फिकट निळी रेघ त्यात कागदाइतकीच उजळ दिसते आणि जवळजवळ नाहीशी होते, तर काळी शाई तिन्ही थरांत सारखीच गडद असल्यामुळे सहीला कोठेही धक्का लागत नाही. रेघ जेथे सहीला छेदून जाते, तेथेही सहीचा फराटा अखंड राहतो. खोडरबर घेऊन एकेक रेघ पुसत बसण्यापेक्षा हा उपाय कितीतरी चांगला आहे.

आता चित्राचा मोड पुन्हा आरजीबी करावा. तो करडाच राहिला, तर निळा रंग भरताच येणार नाही. उजळ-गडदपणा जुळवणाऱ्या 'लेव्हल्स'मध्ये पांढऱ्याची खूण हळूहळू डावीकडे आणावी, म्हणजे कागदाची मळकट झाक जाते. काळ्याची खूण मात्र फार ओढू नये, कारण पेन जेथे उचलला गेला तेथील विरळ शेपटी नाहीशी झाली, तर सही रबरी शिक्क्यासारखी दिसते. त्यानंतर निवडलेला रंग पारदर्शक करणाऱ्या 'कलर टू अल्फा'मध्ये पांढरा रंग निवडावा. येथे नुसता पांढरा भाग जात नाही, तर कडांवरचे करडे बिंदूही अर्धपारदर्शक होतात. सहीची नैसर्गिक कड त्यांच्यामुळेच टिकते. 'जादूची कांडी' या निवडीच्या साधनाने पांढरा भाग निवडून खोडल्यास सहीभोवती पांढरट किनार उरते, म्हणून तो मार्ग मी सुचवणार नाही.

शेवटी थरांच्या खिडकीत 'लॉक अल्फा' लावून, म्हणजे पारदर्शक भाग तसाच राखून, रंग भरावा. भडक निळा अगदी रंगवलेल्या चित्रासारखा, खोटा दिसतो. लाल २५, हिरवा ४५, निळा १२० (० ते २५५ च्या मापात) अशी छटा मला पेनच्या शाईच्या जवळची वाटते. फाइल पीएनजीमध्ये काढावी, कारण जेपीजीमध्ये पारदर्शकता राहत नाही.

छापखानाकर:
वरील पद्धत उत्तम आहे. छपाईच्या बाजूने इतकेच सांगतो, की ५ सेंटिमीटर रुंदीची सही ३०० डीपीआयने छापायची, तर चित्र सुमारे ५९० पिक्सेल रुंद असावे. रंगीत लेझर प्रिंटर शुद्ध काळी रेघ सलग छापतो, पण निळी छटा ठिपक्यांनी बनवतो. त्यामुळे रंग फार फिकट घेतल्यास बारीक फराटे तुटक दिसतात. सगळा गठ्ठा छापण्याआधी प्रत्यक्ष आकारात एक नमुना अवश्य काढावा.

दप्तरदार:
प्रशस्तिपत्रकासाठी हे सर्व योग्य आहे आणि आपण संमती लेखी घेतली, हे फार चांगले केले. मात्र सहीचे चित्र म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील इलेक्ट्रॉनिक सही नव्हे, तेव्हा करारनामा किंवा बँकेच्या कागदावर ते लावू नये. पारदर्शक पीएनजी कोणालाही ई-मेलने पाठवू नये. ती ज्याच्या हाती पडेल, त्याला ती कोठेही चिकटवता येईल. छापखान्याला पीडीएफ दिली, तरी त्यातून चित्र काढता येते, म्हणून शक्य असल्यास छपाई वाचनालयातच करावी. बँकभरतीच्या आयबीपीएस अर्जात सही काळ्या शाईचीच मागतात. तेथे रंग बदलत न बसता काळ्या पेनने नवी सही करणेच बरे.

ग्रंथपंगत:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. निळ्या थरात रेघा खरोखरच दिसेनाशा झाल्या आणि सही जशीच्या तशी राहिली. आता एकच शंका आहे. कार्यवाहांनी त्याच कागदावर निळ्या बॉलपेनने सही केली आहे, पण निळ्या थरात ती फारच फिकट दिसते. दोन्ही सह्या एकाच छटेच्या कशा कराव्यात?

अक्षरजुळणी:
निळी शाई लाल थरात सर्वांत गडद दिसते, त्यामुळे कोऱ्या कागदावरील निळ्या सहीसाठी लाल थर घ्यावा आणि पुढची कृती तशीच करावी. परंतु आपल्या कागदाच्या निळ्या रेघाही त्याच थरात उठून दिसतील आणि त्या सहीपासून स्वच्छ वेगळ्या करणे कठीण जाईल. कार्यवाह गावातच असतील, तर त्यांच्याकडून कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने नवी सही घ्यावी आणि दोन्ही सह्यांत रंगाचे तेच आकडे भरावेत.