कृषिमंत्री नंतर बघू, आधी अर्थमंत्री
नव्या पंतप्रधानांनी कोणती खाती आधी भरावीत, या चर्चेत एका दादांनी लिहिलंय, गृह, संरक्षण, परराष्ट्र खाती आधी भरावीत. ती भरतातच हो, रिकामी कोण ठेवतंय? लातूरच्या आडतीवर, म्हणजे शेतमाल विकणाऱ्या दलालाच्या दुकानात, येऊन बघा जरा. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, अन् सौदा निघाला त्याच्या कितीतरी खाली. सरकारी खरेदी केंद्रावर नेलं तर ओलावा 12 टक्क्यांच्या वर, म्हणून माझी सात पोती परत. (पुढं मर्यादा 15 केली, तोवर मी विकून मोकळा!) मे 2025 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयातशुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणलं. बाहेरचं तेल स्वस्त आलं की आमच्या सोयाबीनला भाव कुठला? अन् शुल्काची ती फाईल अर्थखात्याची. सही करायच्या आधी कृषिमंत्र्याला फोन लावणारा अर्थमंत्री पाहिजे. कृषीला कोणीही द्या मग.