ऑरिक्स टीसी297: लॉगिंग चालू केलं की दुसऱ्या कोरवरचा लूप का लांबतो?

टायमरवाला_मालाड:
टीसी297 म्हणजे इन्फिनिऑनचा तीन कोरांचा मायक्रोकंट्रोलर. तिन्ही कोर 300 मेगाहर्ट्झवर. कोर 0 वर मोटर कंट्रोलचा 100 मायक्रोसेकंदांचा लूप, कोर 1 वर दर मिलिसेकंदाला कॅन (गाडीतल्या यंत्रणांना जोडणारी संदेशांची बस), कोर 2 वर लॉगिंग. लूप एकटा असताना 38 मायक्रोसेकंदांत आटोपतो. लॉगिंग चालू झालं की मधूनच 51 पर्यंत जातो. कोर वेगळे, इंटरप्ट वेगळे, तरी हे कसं? टाइम-ट्रिगर्ड केलं, म्हणजे प्रत्येक काम ठरलेल्या वेळेलाच सोडलं, तर सुटेल का?

नाहूर_नेट:
कोर वेगळे, पण फ्लॅश सामायिक आहे ना! क्रॉसबारवर (कोर आणि मेमरी जोडणारं जाळं) दोघं वेगवेगळ्या मेमरीकडे गेले तर काही नाही. एकाच फ्लॅश बँकेकडे किंवा एलएमयूकडे (सामायिक रॅम) गेले की एकाला थांबावं लागतं. मॅप फाइल (काय कुठल्या पत्त्यावर बसलं याची लिंकरने दिलेली यादी) बघा. लूपचा कोड कोर 0 च्या पीएसपीआरमध्ये (कोरची स्वतःची कोडची रॅम) हलवा: लिंकरमध्ये वेगळा सेक्शन, स्टार्टअपला कॉपी. डेटा आणि स्टॅक त्याच कोरच्या डीएसपीआरमध्ये (स्वतःची डेटाची रॅम), लॉगरचा बफर कोर 2 च्या. साइन टेबल हमखास फ्लॅशमध्येच राहून जातं, तेही उचला. वेळापत्रक त्यानंतर.

भायखळा_बिट:
वेळापत्रकाचं मोठं चक्र 1 मिलिसेकंद, 100 मायक्रोसेकंदांचे 10 खाने. प्रत्येक खान्यात पहिले 40 लूपचे, पुढचे 50 डीएमए (कोरला न गुंतवता होणारी डेटाची ने-आण) आणि सामायिक मेमरीचे, शेवटचे 10 मोकळे. डीएमएची ट्रान्सफर त्या 50 मध्ये संपेल एवढीच तोडा, नाहीतर ती पुढच्या लूपवर चढते.

वेळ तिन्ही कोरांनी एसटीएम0 (कोर 0 चा सिस्टिम टायमर) याचीच मानायची. हा टायमर 100 मेगाहर्ट्झवर असेल तर 100 मायक्रोसेकंद म्हणजे 10,000 टिक. ते आधीच्या कंपेअर व्हॅल्यूत मिळवा. चालू वेळेत मिळवलेत तर इंटरप्टची दिरंगाई दर फेरीला साठत जाते.

कोरांमधला डेटा खान्याच्या सुरुवातीला वाचायचा आणि शेवटीच लिहायचा. लॉक लागत नाहीत, पण उशीर वाढतो आणि फेज मार्जिन (कंट्रोल लूप अस्थिर होण्याआधीची मोकळीक) घटतं. कंट्रोलवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

टायमरवाला_मालाड:
लॉगरला काम नसेल तेव्हा त्याचा खाना कॅनला दिला तर?

नाहूर_नेट:
नको. असं रिकामी पाळी पुढच्याला देणाऱ्या राउंड-रॉबिनमध्येही वाईटात वाईट वेळ मोजता येते, म्हणजे ते प्रेडिक्टेबल असतं. पण प्रत्यक्ष वेळ शेजाऱ्यावर अवलंबून राहते, म्हणून कंपोझेबल नाही. उद्या लॉगर बदललात की कॅनची चाचणी पुन्हा करत बसा. एक लोकल रद्द झाली म्हणून पुढची तिच्या वेळेला सोडत नाहीत, तसंच. आइंडहोवनच्या विद्यापीठातल्या कॉम्पसॉक या चिप-प्लॅटफॉर्ममध्ये ही शिस्त हार्डवेअरमधला आर्बिटर (पाळी ठरवणारा) पाळतो. ऑरिक्सच्या क्रॉसबारला टीडीएमए (वेळेच्या ठरलेल्या खान्यांची वाटणी) नाही, त्यामुळे ती सॉफ्टवेअरच्याच गळ्यात.

भायखळा_बिट:
तपासायला लॅमिंग्टन रोडवरचा 24 मेगाहर्ट्झचा स्वस्त लॉजिक ॲनलायझर चालेल. दोन नमुन्यांत सुमारे 42 नॅनोसेकंद, या कामाला पुरे. लूपच्या सुरुवातीला पिन वर, शेवटी खाली. इनपुट तेच ठेवून लॉगर बंद, लॉगर चालू, आणि लॉगरच्या जागी त्याच खान्यांत एलएमयू सतत वाचणारा लूप, असे तीन हिस्टोग्राम काढा. तिसरा पहिल्यापेक्षा वेगळा दिसला तर काहीतरी अजून सामायिक आहे. परत मॅप फाइल.