कोडिंग असिस्टंटच्या लक्षात राहावं म्हणून किती लिहायचं?

तासगावकर
आमच्याकडच्या एका अडत दुकानाचं बेदाणा सौद्यांचं सॉफ्टवेअर मी एकटाच सांभाळतो. एआय असिस्टंटचा मोठा आधार आहे, पण रोज सकाळी त्याची पाटी कोरी. "रक्कम पैशांत, पूर्णांकातच ठेव, फ्लोट (अंदाजे साठवली जाणारी दशांश संख्या) नको" हे सांगून थकलो. एजंट्स डॉट एमडी या असिस्टंटसाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये लिहीत गेलो, ती आता 640 ओळींची झालीय. तरी परवा हमाली-तोलाईच्या वजावटीत फ्लोट घुसला आणि एका शेतकऱ्याची पट्टी रुपयाने चुकली. वर्षभराच्या कष्टाचा हिशोब असतो हो तो. अजून लिहू, की जुन्या नोंदी अर्थावरून शोधून देणारा व्हेक्टर डेटाबेस बसवू?

पायथनवाला_पुणे
व्हेक्टर डेटाबेसची इथे गरज नाही. दोन सेशनच्या मधे मॉडेल काहीच लक्षात ठेवत नाही, दर वेळी ती फाइलच कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याच्यासमोरच्या मजकुरात, नव्याने भरली जाते. 640 ओळींच्या गर्दीत नियम दबणारच. लांब मजकुराच्या मधोमध असलेली माहिती मॉडेलकडून जास्त निसटते, हे 2023 मधल्या एका अभ्यासातही दिसलं होतं. मुख्य फाइल शंभरेक ओळींवर आणा. पट्टीचे नियम पट्टीच्या फोल्डरमध्ये, वेगळ्या एजंट्स डॉट एमडीत.

रात्रपाळी
पैशांचा नियम नुसता लिहून भागणार नाही, त्याची टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणारा छोटा प्रोग्रॅम, हवी. त्याच चुकलेल्या पट्टीचे आकडे घ्या. फाइलमध्ये फक्त कोडवरून कळत नाही तेवढंच ठेवा, आणि प्रत्येक नियमापुढे कारण लिहा.

तासगावकर
काल रात्री पूर्ण फाइल पहिल्यांदाच सलग वाचली. "डेटाबेस मायएसक्यूएल" ही ओळ अजून तशीच! पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर येऊन दीड वर्ष झालं. तोलाईचे दर दोन ठिकाणी, दोन्ही वेगळे. आणि फ्लोटचा नियम थेट 412 व्या ओळीवर. बिचारा काय करणार? छाटून 90 ओळी ठेवल्या. टेस्ट लिहून तेच काम पुन्हा दिलं. फ्लोट परत आलाच, पण टेस्ट लाल, म्हणजे नापास, झाल्यावर त्याने स्वतःच दुरुस्त केलं. आता एकच विचारतो: नवीन नोंदी त्यालाच लिहू द्याव्यात का?

रात्रपाळी
सुचवू द्या. पण गिट डिफ, म्हणजे फाइलमध्ये नेमकं काय बदललं ते, वाचून कमिट (बदल पक्का) तुम्हीच करा. माझ्याकडे एकदा घाईतली तात्पुरती तडजोड कायमचा नियम म्हणून नोंदली गेली होती, ती सापडायला तीन आठवडे गेले.

तासगावकर
पटलं. दर शनिवारी नोंदी तपासायच्या असं ठरवलंय. दुरुस्त केलेली पट्टी आज संध्याकाळी त्या शेतकऱ्याच्या घरी नेऊन देतोय.