काळ्या पार्श्वभूमीवरील हिरवी अक्षरे आणि डोळ्यांचा शीण

कानामात्रा: नमस्कार. मी घरून मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करते आणि दिवसाचे सहा-सात तास संगणकापुढे जातात. पांढऱ्या पडद्याने डोळे दिपतात म्हणून महिन्यापूर्वी मी काळ्या पार्श्वभूमीवर निखळ हिरवी अक्षरे घेतली. चकाकी कमी झाली खरी, परंतु आता अक्षरांच्या कडा पसरल्यासारख्या दिसतात. चिता आणि चिंता यांत एका बिंदूचाच फरक असतो असे म्हणतात. मला तो बिंदूच दिसेनासा झाला आहे. संध्याकाळी डोळे चुरचुरतात. चष्म्यात थोडा सिलिंड्रिकल नंबर (बुबुळाच्या असमान वक्रतेसाठी दिला जाणारा) आहे. रंग कोणते निवडावेत?

पापणी: मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे दृष्टी आणि चष्म्याचा नंबर तपासणे हे माझे काम. पडदा काळा असला की बाहुली विस्फारते, आणि बाहुली जितकी मोठी तितका बुबुळाच्या असमान वक्रतेचा दोष अधिक जाणवतो. त्यामुळे सिलिंड्रिकल नंबर असणाऱ्यांना, विशेषतः तो पूर्ण दुरुस्त झालेला नसल्यास, काळ्यावरची उजळ अक्षरे फुटल्यासारखी दिसतात. आपण उजळ पार्श्वभूमीवर गडद अक्षरांकडेच परतावे, मात्र पडद्याशेजारी कोरा कागद धरून दोन्ही सारखेच उजळ दिसतील इतका प्रकाश उतरवावा. नंबरही एकदा तपासून घ्यावा. चुरचुरण्याचे कारण बहुधा वेगळे आहे: टक लावून वाचताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर कोणताही रंग उपाय नाही. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहावे आणि तेव्हा मुद्दाम पापण्या मिटाव्यात.

पिक्सेलकर: निखळ हिरव्याचे काळ्याशी प्रकाशभेदाचे (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरकाचे) गुणोत्तर सुमारे १५:१ भरते, म्हणजे आकड्यांत आपल्या निवडीत काहीच उणे नव्हते. डब्ल्यू-थ्री-सी या वेबचे मानदंड ठरवणाऱ्या संस्थेच्या सुलभताविषयक मार्गदर्शक तत्त्वांत सामान्य आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५:१ आणि अधिक कडक पातळीसाठी ७:१ मागितले आहे. पांढऱ्यावर काळा २१:१ देतो. मी स्वतः पांढऱ्यावर #३३३३३३ हा गडद राखाडी वापरतो, तो साधारण १२.६:१ आहे. हल्ली संकेतस्थळांवर जो फिकट राखाडी मिरवला जातो तो मात्र डोळ्यांचा छळ आहे. दुरुस्तीच्या खुणांकडेही पाहा: निखळ निळा पांढऱ्यावर ८.६:१ असतो, तर काळ्यावर जेमतेम २.४:१ उरतो. लाल पार्श्वभूमीवर निळे मात्र कधीही लिहू नये, कारण या दोन रंगांचे किरण डोळ्यात एकाच अंतरावर केंद्रित होत नाहीत आणि अक्षरे तरंगल्यासारखी वाटतात. शिवाय देवनागरीत वर-खाली मात्रा-उकार असल्याने अक्षर इंग्रजीपेक्षा एक-दोन पॉइंट मोठे ठेवावे.

संधिप्रकाश: सर्वांनाच उजळ पडदा मानवत नाही. माझ्या आईला मोतीबिंदू आहे, आणि उजळ पडद्याचा प्रकाश डोळ्यात विखुरत असल्याने तिला काळ्यावरची पांढरी अक्षरेच बरी वाचता येतात.

कानामात्रा: आभारी आहे. कागद धरून पाहिला तेव्हा माझा पडदा कितीतरी अधिक उजळ निघाला. आता मलईच्या रंगावर #३३३३३३ ठेवला असून अक्षर १६ पॉइंट केले आहे. अनुस्वार दिसू लागले. नंबर शनिवारी तपासून घेणार आहे.