नाव एकच, माणसं वेगळी: वाचनालयाच्या फलकावर कोणकोण घ्यावं?

पैनगंगाकाठ (चिखली तालुका)

१२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला, गावच्या वाचनालयात एक फलक लावायचा आहे. सहा बाय तीन फुटांचा एकच फ्लेक्स. विषय: एकाच नावाची गाजलेली माणसं, इतिहासातली आणि कथापुराणातलीसुद्धा. पाचवी ते आठवीची पोरं त्यावरून प्रश्नमंजुषा सोडवतील. ताराबाई, जिजाबाई, शाहू, रघुजी, भीम ही नावं काढली आहेत. पण कच्च्या यादीत ताराबाई शिंदेंपुढे 'हंबीरराव मोहित्यांची लेक' असं आलंय आणि 'तुकड्या म्हणे'ची एक ओवी तुकोबांच्या नावावर गेली आहे. अशा चुका कुठून शिरतात, आणि प्रत्येकापुढे नेमकं काय लिहायचं?

वऱ्हाडवाचक

दादा, चूक शिरते ती नुसतं नाव टाकून नेटवर शोधल्यामुळे. 'ताराबाई' टाका, घोड्यावरची तलवारवाली चित्रंच पुढे येतात. मंग शिंद्यांच्या ताराबाईंनाही तीच तलवार चिकटते, जिच्या हातात लेखणी होती.

प्रत्येकापुढे चार गोष्टी असल्याच पाहिजेत: कोणाची कोण, कुठली, कधीची, आणि एक काम जे दुसऱ्या कोणाच्याच नावावर नाही. आता ताराबाई घ्या.

महाराणी ताराबाई: सरसेनापती हंबीरराव मोहित्यांची लेक, छत्रपती राजारामांची राणी. १६७५ ते १७६१. मार्च १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर वारले, त्यानंतर औरंगजेबाविरुद्धचा लढा त्यांनी चालवला. पुढे कोल्हापूरची गादी.

ताराबाई शिंदे: आपल्या बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे. 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली पुण्यात छापून निघालं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर खटला झाला, वर्तमानपत्रांनी साऱ्या बाईजातीलाच धारेवर धरलं, त्याला हे उत्तर होतं. पुस्तकावर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये बाजू घेतली. बुलढाणा जिल्ह्यातला फलक असेल तर ह्यांना सर्वांत मोठी जागा द्या, त्यात संकोच नको.

ताराबाई मोडक: १८९२ ते १९७३. बालशिक्षण, बोर्डी आणि कोसबाड, पद्मभूषण १९६२. तेवढं पुरे.

एक नाव प्रश्नासाठी राखून ठेवा: सोयराबाई. एक चोखोबांची बायको, स्वतः अभंग रचणारी. दुसरी शिवाजी महाराजांची राणी, राजारामांची आई, हंबीररावांची बहीण. म्हणजे महाराणी ताराबाईंची आत्याही तीच आणि सासूही तीच. आठवीच्या पोरांना हे नातं कागदावर मांडायला लावा. आणि चोखोबांचं जन्मगाव परंपरेनं देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा मानतात, हेही आपल्याच जिल्ह्यातलं.

दिंडीकरी

ओवीचं सांगतो. 'तुका म्हणे' ही चार अक्षरं, 'तुकड्या म्हणे' ही पाच. मोबाईलवर पुढे ढकलताना कोणीतरी 'तुकड्या'चा 'तुका' करतो आणि ओळ लंगडी होते. म्हणून हातात आलेली ओळ मोठ्यानं म्हणून पाहायची. दुसरी खूण शब्दांची. निवडणूक, मत, ग्रामसफाई असले शब्द आले की ते सतराव्या शतकातलं नाही. तुकडोजी महाराज १९०९ चे, यावलीचे, १९६८ ला मोझरीच्या गुरुकुंजात गेले. ग्रामगीता ओव्यांची, ४१ अध्यायांची. तिथं अध्याय लिहिता येतो. तुकोबांच्या अभंगाचा मात्र क्रमांक देऊ नका. गाथेच्या वेगवेगळ्या प्रतींत क्रमांक वेगळे असतात, पोरगं शोधायला गेलं का भलताच अभंग निघतो. पहिली ओळच लिहा.

'नामा म्हणे'च्या वाटेला जाऊच नका. संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले, विष्णुदास नामा सोळाव्यातला, आणि दोघांच्या रचना जुन्या वह्यांतच मिसळलेल्या आहेत. तो गुंता अभ्यासकांनाही पुरून उरलाय.

जिजाबाई दोन, आणि दोघी एकाच शतकातल्या. सिंदखेडराजाच्या, लखुजी जाधवांची लेक: जन्म १२ जानेवारी १५९८, मृत्यू १७ जून १६७४, पाचाड. दुसरी देहूची, तुकोबांची दुसरी बायको. पहिली रखमा दुष्काळात गेली. ह्या जिजाबाईला वारकरी 'आवली' म्हणतात. फलकावर एकीला 'जिजाऊ' आणि दुसरीला 'जिजाबाई (आवली)' लिहिलं तर अर्धा गोंधळ तिथंच मिटतो.

कौंडण्यपूरची रुक्मिणी आणि पंढरपूरची रखुमाई ही जोडी नामसाम्यात धरू नका, ती एकच देवी. नामसाम्य हवं तर ज्ञानेश्वरांची आई घ्या: रुक्मिणीबाई, आणि वडील विठ्ठलपंत! 'विठ्ठल-रुक्मिणीची चार लेकरं कोण?' हा प्रश्न टाका.

भोसलेकालीन

नागपूरचे रघुजी भोसले तीन, आणि तिघांना घटनेनं ओळखायचं. बंगालवरच्या स्वाऱ्या म्हणजे पहिले, मृत्यू १७५५. इंग्रजांशी अडगावची लढाई आणि गाविलगड, १८०३, म्हणजे दुसरे. त्याच वर्षी डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि कटक गेलं. ११ डिसेंबर १८५३ ला वारस न ठेवता वारले ते तिसरे, आणि पुढल्या वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं. २०२५ मध्ये राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून घेतलेली तलवार पहिल्या रघुजींची म्हणून ओळखली जाते. तिचं चित्र तिसऱ्यांच्या नावापुढे लागलेलं दिसलं तर नवल नाही, तेवढं पाहून घ्या.

शाहूंचं सोपं आहे: साताऱ्याचे १६८२ ते १७४९, संभाजी महाराजांचे पुत्र. कोल्हापूरचे १८७४ ते १९२२, मूळचे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, १८८४ ला दत्तक, १९०२ ला निम्म्या जागा मागासांसाठी राखून ठेवणारे.

पैनगंगाकाठ

लय उपयोगी. भीमाचं काय करू? पोरं एकच ओळखतात, गदावाला.

दिंडीकरी

दुसरा भीम तर आपलाच, विदर्भाचा राजा, दमयंतीचा बाप. गंमत अशी का वनपर्वात बृहदश्व ऋषी ही नळ-दमयंतीची गोष्ट युधिष्ठिराला सांगतात, म्हणजे पांडवांच्या वनवासाच्या मुक्कामीच दुसऱ्या भीमाची कहाणी चालते. आता इथं एक फसगत आहे. दमयंती ती 'भैमी', आणि रुक्मिणी ती 'भीमकी', कारण तिचा बाप भीष्मक, मराठी काव्यात 'भीमक'. दोघी कुंडिनपूरच्याच. भीम, भीमक आणि शंतनुपुत्र भीष्म हे तिघे तीन निराळे. फ्लेक्सवाल्यानं 'भीष्मक' टाइप करताना 'क' खाल्ला तर कुरुवंशातला ब्रह्मचारी रुक्मिणीचा बाप होऊन बसेल.

अक्षरजुळणी

त्या 'क'वरूनच सांगते. सहा बाय तीनमध्ये सहाच चौकटी करा, तीन आडव्या दोन रांगा. कडेनं दीड इंच कोरं सोडा, नाहीतर दोरीसाठी कडेला डोळे (धातूच्या कड्या) मारताना अक्षरात भोक पडतं. ताराबाईंना दोन चौकटी जोडून द्या, बाकी चौघांना एकेक. मजकुराचं अक्षर पाऊण इंचाखाली नको, पोरं पाचसहा फुटांवरून वाचतील. रघुजींना तीन ओळी, एकेकाला एक.

मजकूर व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. दुकानात जुना फॉन्ट असला तर युनिकोडमधून बदलताना 'वऱ्हाड'चा 'ऱ्ह' आणि 'स्त्री'चा 'स्त्र' हमखास तुटतो. पीडीएफ द्या, किंवा मजकूर कर्व्ह करून घ्या, म्हणजे अक्षरांची चित्रं होतात आणि फॉन्ट लागत नाही. छापायच्या आधी नमुना मोबाईलवर मागवून फक्त पाच शब्द मोठे करून पाहा: वऱ्हाड, स्त्रीपुरुषतुलना, हंबीरराव, कौंडण्यपूर, भीष्मक. सगळे आकडे देवनागरीतच आहेत का तेही बघा. १८८२ चा १८२८ झालेला अक्षरांच्या घाईत कोणालाच दिसत नाही.