अनुभव धागा : कुत्र्याला घरच्या घरी शिकवताना

लळा, गमती आणि फोटोंसाठी दुसरे धागे आहेत. इथे फक्त काय केलं, किती वेळ केलं आणि कुठे फसलं एवढंच लिहा. सुरुवात शब्दांपासून करतो.

मराठी घरात पहिली गोची 'बस' या शब्दाची. 'आता बस कर', 'बस चुकली', 'बस ना जरा' हे दिवसभर कानावर पडतं आणि कुत्र्याच्या बसण्याशी त्याचा काही संबंध नसतो. मग तो शब्द कुत्रा कानाआड करायला शिकतो. 'खाली'चं त्याहून वाईट. एक जण पोटावर आडवं करायला म्हणतो, दुसरा सोफ्यावरून उतरवायला. 'आडवा' घ्यावा, तर कुत्रीला 'आडवी' होतं आणि पाहुणे हमखास उलटं म्हणतात. त्यापेक्षा कागदावर शब्द लिहून फ्रिजवर लावा आणि आजीपासून कामवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी तेच वापरा. माझी यादी : सिट, डाऊन, उतर, थांब, इकडे, सोड, नको, जागेवर, सुट्टी.

पाणकोंबडा

यादी चांगली आहे, पण 'सिट' आणि 'सुट्टी' लांबून सारखेच ऐकू येतात. मोकळं सोडायला 'पळ' घ्या.

सिट : खाऊचा मटाराएवढा तुकडा नाकाला टेकवा आणि दोन डोळ्यांच्या मधून मागे कानांकडे न्या. नाक वर गेलं की ढुंगण आपसूक टेकतं. टेकल्या क्षणी 'हां!' म्हणा (म्हणजे 'बरोबर केलंस', ही ठरलेली खूण) आणि मग तुकडा. 'हां' आणि खाऊ यांत एखादा सेकंद गेला तर चालतो, कृती आणि 'हां' यांत नाही. हात फार उंच गेला तर कुत्रा उडी मारतो. मागे मागे सरकत असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात घ्या.

पाच-सहा वेळा जमलं की तीच खूण रिकाम्या हाताने करा, खाऊ दुसऱ्या हातातून द्या. ही पायरी गाळली की दोन आठवड्यांनी 'खाऊ दिसला तरच बसतो' ही तक्रार ठरलेली. शब्द सगळ्यात शेवटी आणा : आधी शब्द, अर्धा सेकंद थांबा, मग हात. दोन्ही एकदम केलं तर कुत्रा हात वाचतो, शब्द ऐकतच नाही. शब्द कळला का ते तपासायचं असेल तर हात पाठीमागे घेऊन म्हणून बघा.

डाऊन : बसलेल्या कुत्र्याच्या नाकापासून तुकडा सरळ खाली पंजांच्या मध्ये न्या, मग जमिनीलगत हळूच आपल्याकडे ओढा. ढुंगण उचललं तर तुम्ही पुढे ओढायची घाई केलीत. गुळगुळीत फरशीवर कोपरं घसरतात म्हणून बरेच कुत्रे का-कू करतात. सतरंजी टाका, निम्मा हट्ट तिथेच संपतो.

चिमूटभर मीठ

खाऊचं सांगते. उकडलेलं चिकन, त्यात मीठ-मसाला काही नाही. 50 ग्रॅममध्ये मटाराएवढे शंभरेक तुकडे सहज होतात, एवढ्यात तीन-चार वेळचा सराव भागतो. शाकाहारी घरात उकडलेला लाल भोपळा, गाजर किंवा थोडं पनीर (पनीर सगळ्यांना पचत नाही, पहिल्या दिवशी दोनच तुकडे). कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेलं शुगरफ्री काहीही अजिबात नको. खाऊ दिवसाच्या एकूण आहाराच्या दहाव्या हिश्श्याच्या आत ठेवा आणि तेवढं जेवण कमी करा. सराव जेवणाआधी, तीन ते पाच मिनिटं, दिवसातून दोनदा-तीनदा. अर्धा तास रेटला तर शेवटची वीस मिनिटं दुर्लक्ष करण्याचाच सराव होतो.

उंबरठा

+१. आता 'थांब'. यात तीन गोष्टी वाढवायच्या असतात : वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड. एका वेळी एकच वाढवा. लोक पाच सेकंद जमले की लगेच चार पावलं मागे जातात, तेही दार उघडं ठेवून.

आधी समोर उभं राहून 1, 3, 2, 5, 3, 8 सेकंद असं उलटसुलट करा. सतत चढतंच गेलं की कुत्रा कंटाळून उठतो. अंतर वाढवलं की वेळ पुन्हा एका सेकंदावर आणा. खाऊ कुत्र्यापाशी परत जाऊन द्या. लांबून बोलावून दिलात तर तो थांबण्याचं नाही, उठून येण्याचं बक्षीस समजतो. पाचपैकी चार वेळा जमलं तर पुढची पायरी, लागोपाठ दोनदा उठला तर मागची. आणि सोडताना 'पळ' म्हणायला विसरू नका, नाहीतर कधी उठायचं ते कुत्राच ठरवतो.

माळरान

'इकडे' घरात शिकवा आणि बाहेर दोरीवर पक्कं करा. आठ-दहा मीटरची चपटी नायलॉन पट्टी घ्या आणि ती हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) अडकवा, गळपट्ट्याला नको. जोरात धावून शेवटाला आला की गळ्याला हिसका बसतो. तुमच्या हातात मोजे हवेत, पट्टी तळवा कापते.

दहा वेळा बोलावलंत तर आठ वेळा खाऊ देऊन परत मोकळं सोडा. बोलावून अंघोळ, बोलावून नखं, बोलावून घरी असं चार वेळा झालं की शब्द बाद. मग नवा शब्द घेऊन पहिल्यापासून सुरुवात. येत नसेल तर मागे धावू नका, उलट्या दिशेने पळा.

कारवानी आणि मुधोळ पाळणाऱ्यांसाठी : हे नजरेवर शिकार करणारे कुत्रे. ससा किंवा मांजर दिसून धाव सुटली की शब्द पोचत नाही. कान ताठ, अंग गोठलेलं, तो एक क्षण तुमचा, तेव्हाच हाक द्या. कुंपण नसेल तर दोरी काढूच नका. शिवाय लांब मांड्यांमुळे कडक जमिनीवर बसणं त्यातल्या अनेकांना अवघड जातं. त्यांना उभ्याने 'थांब' शिकवा, तेवढ्याने काम भागतं.

शेवपुरी

'सोड' आणि 'नको' एक नाहीत. 'सोड' म्हणजे तोंडातलं टाक. तोंडातल्यापेक्षा चांगला तुकडा नाकाशी धरा, वस्तू पडली की 'हां', तुकडा द्या आणि शक्य असेल तेव्हा वस्तूही परत द्या. जबडा उघडून काढत राहिलात तर पुढचं हाड तो गिळून मोकळा होतो. 'नको' म्हणजे तोंडच लावू नको. बंद मुठीत खाऊ ठेवा, चाटू द्या, ओरडू नका. नाक मागे घेतलं की 'हां' आणि दुसऱ्या हातातला तुकडा. मग उघडा तळवा, मग जमिनीवर बुटाशेजारी, मग रस्त्यावर दोरीत. 'नको' म्हटलेला तुकडा नंतरही देऊ नका.

पाणकोंबडा

पुढच्या पातळीवरचं एकच लिहितो, कारण ते डॉक्टरकडे उपयोगी पडतं : 'हनुवटी'. गुडघ्यावर घडी केलेला टॉवेल ठेवा. खाऊ दाखवून हनुवटी त्यावर टेकवायला लावा, टेकली की 'हां'. एका सेकंदापासून दहापर्यंत वेळ वाढवा. मग दुसऱ्या हाताने कानाला नुसता स्पर्श, मग कान उचलणं, मग कानाच्या औषधाची बंद बाटली कानाजवळ, मग झाकण उघडलेली. प्रत्येक पायरी दोन-तीन दिवस.

नियम एवढाच : हनुवटी उचलली की तुमचा हात लगेच बाजूला. धरून ठेवायचं नाही. उचललं की माणूस थांबतो हे कळलं की तो कमी उचलतो, हे करून बघितल्याशिवाय पटत नाही. प्रत्यक्ष औषध टाकताना बाटली आधी पाच मिनिटं मुठीत धरा. गार थेंब पडला की कुत्रा डोकं झाडतो आणि दोन आठवड्यांची मेहनत भिंतीवर उडते.