नवशिक्याने कुटुंबाचे फोटो घरच्या सर्व्हरवर ठेवावेत का?

मूळ लेखन

गूगल फोटोजने १ जून २०२१ पासून अमर्याद मोफत साठवण बंद केली आणि मेल, फाइली व फोटो मिळून १५ जीबीची मर्यादा लागू झाली, तेव्हापासून आमच्याही घरातून दरमहा पैसे जाऊ लागले. गेल्या वर्षी मी एका कार्यालयातून निघालेला छोटा संगणक विकत घेतला, त्यावर डेबियन ही मोफत कार्यप्रणाली चढवली आणि डॉकरमधून (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनातून) इमिच हा फोटो सांभाळणारा मुक्तस्रोत प्रोग्राम चालवायला घेतला. आता घरातल्या चारही फोनमधले फोटो आपोआप तेथे जमा होतात. प्लगला मीटर लावून पाहिले, तर हे यंत्र एरवी सुमारे १२ वॅट घेते, म्हणजे वर्षभर अखंड चालले तरी साधारण १०५ युनिट.

संगणकक्षेत्राशी संबंध नसलेल्या माणसानेही हे करावे असे माझे ठाम मत आहे, कारण मुलांचे बालपण दुसऱ्या कोणाच्या बदलत्या अटींवर जपावे लागणे मला पटत नाही. राउटरवर एकही पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून घरातल्या यंत्राकडे येणारी वाट, उघडायचा नाही, एवढे पथ्य मात्र पहिल्या दिवसापासून पाळावे. बाहेरून फोटो पाहण्यासाठी वायरगार्ड या कूटबद्ध जोडणीच्या पद्धतीवर आधारलेले टेलस्केल पुरते; ते फक्त आपलीच यंत्रे एका खासगी जाळ्यात जोडते. तसेही आपल्याकडच्या अनेक ब्रॉडबँड जोडण्या सीजीनॅटमागे असतात, म्हणजे एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट उघडून उपयोग होत नाही.

प्रतिसाद १

पूर्णपणे असहमत. आपण सर्व्हर उभा कसा केला ते लिहिलेत. तो मोडल्यावर पुन्हा उभा केल्याचा अनुभव मात्र लेखात कोठेच नाही.

माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक होता, त्याची कार्यप्रणाली आणि डेटाबेस (फोटोंविषयीच्या नोंदींचा साठा) मायक्रोएसडी कार्डावर, आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर. आमच्या भागात पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि मी यूपीएस घेतलेला नव्हता. एका सकाळी कार्ड वाचलेच जाईना. मी दर आठवड्याला प्रत घेत होतो, म्हणून निर्धास्त होतो; पण ती प्रत म्हणजे चालू डेटाबेसच्या फोल्डरची जशीच्या तशी नक्कल होती, आणि लिहिणे चालू असताना घेतलेल्या अशा नकलेतून पोस्टग्रेस, म्हणजे तो डेटाबेस चालवणारा प्रोग्राम, पुन्हा उभा राहीलच असे नसते. माझा राहिला नाही.

फोटो वाचले. गेली ती नावे. पत्नीने आपल्या आजीजवळ बसून जुन्या स्कॅन केलेल्या फोटोंतील चेहऱ्यांना एकेक नाव दिले होते, आणि ती सारी ओळख डेटाबेसमध्येच होती. आजी आता नाहीत. ते चेहरे ओळखणारे दुसरे कोणी आमच्या माहितीत नाही. दरमहा थोडे पैसे वाचवण्यासाठी ही जोखीम नवशिक्याने घ्यावी, असे मी कधीही म्हणणार नाही.

मूळ लेखकाचे उत्तर

आपली हानी वाचून वाईट वाटले. चूक कोठे झाली हे आपणच नेमके सांगितले आहे, आणि ती टाळता येते. इमिच आता रोज रात्री डेटाबेसची रीतसर प्रत आपोआप काढते. ती त्याच डिस्कवर राहते हे खरे, म्हणून मी फोटो आणि ही प्रत दोन्ही रेस्टिक या प्रती घेणाऱ्या प्रोग्रामने कूटबद्ध करून नागपूरला भावाच्या घरच्या डिस्कवर पाठवतो. सर्व्हर कोरा करून त्यातून सारे परत आणण्याची तालीम मी अद्याप केलेली नाही, ही उणीव मान्य आहे.

प्रतिसाद २

माझा आक्षेप वेगळा आहे. उद्या आपल्याला काही झाले, तर रेस्टिकचा पासवर्ड कोणाला ठाऊक आहे? तो हरवला तर ती प्रत कोणालाच उघडता येणार नाही. आपल्या घरात चार माणसांच्या आठवणी एका माणसाच्या डोक्यात असलेल्या माहितीवर उभ्या आहेत, आणि उरलेल्या तिघांना याची कल्पना आहे का, हा प्रश्न मला पोर्ट आणि सीजीनॅटपेक्षा मोठा वाटतो.

शिवाय घरची डिस्क म्हणजे आपल्या ताब्यातली डिस्क, हेही दरवेळी खरे नसते. आपण म्हणता त्याच जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या, इंटरनेटला जोडलेल्या अनेक माय बुक लाइव्ह डिस्का दूरवरून पुसल्या गेल्या. त्यांना २०१५ नंतर नवी सुरक्षा-दुरुस्ती मिळालेली नव्हती. एकदा जोडून विसरलेले यंत्र घरात असणे किती महाग पडते, हे त्यातून दिसले.

प्रतिसाद ३

नवशिक्याने सर्व्हर जरूर चालवावा, पण फोटोंपासून सुरुवात करू नये. पाय-होल हा घरभरच्या जाहिराती अडवणारा प्रोग्राम लावा असे सर्रास सांगितले जाते, तेही पहिल्याच दिवशी नको, कारण राउटरने सगळ्या संकेतस्थळांच्या नावांचे पत्ते त्यालाच विचारायचे ठरवले असेल तर तो बंद पडताच साऱ्या घराचे इंटरनेट थांबते. जेलीफिन या घरच्या सर्व्हरवरून गाणी-चित्रपट ऐकवणाऱ्या-दाखवणाऱ्या प्रोग्रामवर आपल्या सीडींतून उतरवलेली नाट्यगीते ठेवावीत. मूळ सीडी कपाटात असते, त्यामुळे निर्धास्तपणे मोडता आणि पुन्हा उभारता येते.

मूळ लेखकाचे उत्तर

गमावल्याने काही बिघडत नाही अशा गोष्टीची निगा माणूस राखत नाही, असा माझा अनुभव आहे; म्हणून या सल्ल्याशी मी सहमत नाही. पासवर्डाचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. येत्या रविवारी पासवर्ड आणि पायऱ्या कागदावर लिहून देतो, आणि कोऱ्या डिस्कवर फोटो परत आणण्याचे काम पत्नी करील. मी शेजारी बसेन, कळफलकाला हात लावणार नाही.

प्रतिसाद १

तेवढे होईपर्यंत जुनी वर्गणी बंद करू नका, एवढेच सांगतो.